कोणी शिकवलं?

किल्ली अर्धी आत गेली आणि अडली. तिनं ती बाहेर काढली, ओढणीच्या टोकाला पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तिथंच. किल्ली चुकली म्हणावं तर तिच्या कडीत ही एकच किल्ली होती. मजला चुकला म्हणावं तर दारावर तिच्या कॉलेजातल्या बाईंच्या नावाची पाटी होती. तीच पाटी. फक्त एरवी तिचा डावा कोपरा सुटलेला असायचा, दार आपटलं की पाटी टक् करून वाजायची. आज ती सरळ होती. कुणीतरी घट्ट बसवली होती. मग तिनं खाली वाकून पाहिलं. कुलूप नवीन होतं. पितळ अजून कुणाच्या हाताचा घाम न लागलेलं, पिवळंधमक. स्क्रू नवे, आणि सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत. किल्लीवाल्याची मुलगी ती. कुलूप घाईत बसवलंय की सवडीनं, हे तिला नुसतं बघून कळायचं. हे सवडीनं बसवलेलं होतं. काहीतरी बिघडलं म्हणून कुणाला तरी धरून आणून धडाधड ठोकलेलं नव्हतं. ठरवून, वेळ काढून, नीट बदललेलं होतं. म्हणजे बाईंनी काल ऐकलं होतं.

"काय चाललंय?"

समोरच्या दाराच्या फटीत एक डोळा आणि अर्धं कपाळ दिसत होतं. साखळी लावलेलीच होती. समोर नवे भाडेकरू आलेत, असं बाई मागे म्हणाल्या होत्या.

"काही नाही. दार उघडत होते."

"ते दिसतंय. त्या तर दुपारीच बॅग घेऊन बाहेर गेल्या. तू कोण?"

"मी येते इथं. अभ्यासाला."

"मग किल्ली कोणी दिली तुला?"

"कोणी नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोलून बसलो ते. फटीतला डोळा मोठा झाला. "कोणी नाही म्हणजे? झाडाला लागली होती का?" आणि दार धाडकन लागलं, आतून कडी सरकली, मग कुणालातरी फोनवर सांगण्याचा आवाज यायला लागला. ती जिना उतरली. धावली नाही, कारण धावणाऱ्या माणसाकडे लोक बघतात, आणि बघितलेलं माणूस लोकांच्या लक्षात राहतं. हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. घरात सगळ्यांनाच ते येत होतं.

कालपासून 'कोणी नाही' म्हणायची ही दुसरी वेळ. काल शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत संस्थेच्या लांबलचक टेबलापलीकडे तिघं बसले होते आणि अलीकडे ती एकटी. निवड झाली तर दुसऱ्या शहरात राहायला खोली, खर्चापुरते पैसे आणि प्रयोगशाळेत तिचं स्वतःचं असं एक टेबल. नाही झाली तर आत्यानं हेरून ठेवलेली औषधाच्या दुकानातली नोकरी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभ्यानं. बाई तिच्याबरोबर आल्या होत्या. "मी काही आत येत नाही, उगाच त्यांना वाटेल मी वशिला लावायला आलेय," असं म्हणून पर्स मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. पंख्याच्या वाऱ्यानं दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि ते लावायला कुणीच उठलं नाही. मधल्या चष्मेवाल्या अध्यक्षांनी विचारलं, एक पांढरी पूड आहे, ती कसली ते ओळखायचंय, सुरुवात कुठून कराल? ती म्हणाली, आधी ती काय नाही हे ठरवीन. मिठासारखी दिसते म्हणून मीठ म्हणणार नाही. एकेक चाचणी करीन आणि प्रत्येक चाचणीनंतर स्वतःला विचारीन, कशावरून? ते तिघं एकमेकांकडे बघून हसले. चांगलं हसले. अध्यक्ष टेबलावर पुढे झुकून म्हणाले, "वा! हा असा विचार करायला कोणी शिकवलं तुम्हाला?" आणि ती ताडकन म्हणाली, "कोणी नाही." अध्यक्षांनी तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. ते बाईंना ओळखत होते, पूर्वी एकाच ठिकाणी नोकरीला होते दोघं. "कोणी नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. अगदी सांभाळून घ्यावं तसं विचारलं. सावरायची संधी होती ती, पण एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणजे जास्तच जपून राहायचं हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. "नाही. माझं मीच," ती म्हणाली. मग ते मागे टेकले. "बरं. उद्या-परवा तुमच्या प्राध्यापकांना आम्ही फोन करूच. पद्धत आहे ती."

बाहेर बाई उठून उभ्या होत्या. "झालं? चल, बस येईल." बस्स, एवढंच. एरवी साधी घटक चाचणी झाली तरी काय विचारलं, तू काय सांगितलंस, मग ते काय म्हणाले, असं विचारून भंडावून सोडणाऱ्या बाई काल खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तिनंही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि ते तिला नको होतं. उतरताना बाई म्हणाल्या, "उद्या ये हवं तर. नाहीतर राहू दे." या 'नाहीतर राहू दे'ला तिनं कालपासून किती तऱ्हेनं उलटंसुलटं करून पाहिलं होतं. दमली असशील म्हणून राहू दे. तुझं तूच करतेस तर माझ्याकडे कशाला, म्हणून राहू दे. आणि आता हे पिवळंधमक कुलूप. आता काही उलटंसुलटं करायचं उरलं नव्हतं. फोन येईल, बाई म्हणतील, हो, आहे हुशार, पण मला काही विचारू नका, तिचं तीच शिकलीय. आणि फोन खाली ठेवतील. खोटंही काही बोलावं लागणार नाही त्यांना.

रस्त्यावर ऊन कलत होतं. चपलांच्या दुकानात एक बाई आरशासमोर एकाच पायात चप्पल घालून उभी होती. सिग्नलला थांबलेल्या बसमधून कुणीतरी आपल्याकडेच बघतंय असं तिला वाटलं, बघत नव्हतं. 'कोणी शिकवलं?' हा प्रश्न कुणी कौतुकानं विचारू शकतं, हे तिला कॉलेजात आल्यावर कळलं. घरात तो कौतुकानं कधी विचारलाच गेला नव्हता. धाकट्या भावानं शिवी हासडली की आई पाठीत धपाटा घालायची: कोणी शिकवलं तुला हे? शेजारणीच्या मुलीनं उलट उत्तर केलं की शेजारीण यांच्या दाराकडे बघून विचारायची: कोणी शिकवलं गं? शिकवणारा म्हणजे कान भरणारा, फूस लावणारा, मागे राहून दुसऱ्याला पुढे करणारा. आणि या सगळ्याच्या मुळाशी ती गोष्ट. बाबांची गोष्ट.

चौकात औषधाच्या दुकानासमोर बाबांची पेटी होती. पेटीवर किल्ली घट्ट धरायचा शिकंजा, शिकंजाच्या बाजूला घासायच्या कानशी ओळीनं मांडलेल्या, वर तारेला लटकणाऱ्या कोऱ्या किल्ल्या, आणि पत्र्यावर रंगवलेली एक भली मोठी पिवळी किल्ली, लांबून माशासारखी दिसणारी. ती लहानपणी प्रश्न विचारून विचारून इतकं घासायची की बाबांनी तिचं नावच 'कानस' ठेवलं होतं. त्या पेटीशेजारी बसून तिनं लोकांचे डोळे पाहिले होते. किल्ली करून घ्यायला आलेलं माणूस बाबांच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतं. "एकच करा हं." "जास्तीची नको." कुणी हसत हसत म्हणायचं, "काय हो, तुम्हाला सगळ्यांची घरं उघडता येत असतील, नाही?" बाबाही हसायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर घासायची, मूळ किल्ली आधी परत द्यायची, मग नवी, मग दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवायचे, आणि खाली पडलेला चुरासुद्धा फुंकून टाकायचा, अशी त्यांची रीत. गोष्ट तिच्या जन्माआधीची. एका मोठ्या बंगल्यात चोरी झाली, कुलूप न फोडता. पोलिसांनी गावातले सगळे किल्लीवाले उचलले. बाबा तेव्हा अगदी तरुण, नुकतेच स्वतःची पेटी घेऊन बसायला लागलेले. त्यांना विचारलं, बिनकिल्लीचं कुलूप उघडायला कोणी शिकवलं तुला? बाबांचे वस्ताद म्हातारे, धंदा सोडलेले, दम्यानं बेजार, दोन फटक्यांतच संपले असते. बाबा म्हणाले, कोणी नाही. पुन्हा विचारलं, कोणी नाही. त्या म्हाताऱ्याला ओळखतोस? ओळखतही नाही. तेव्हाच्या मारानं बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. चोर पुढे सापडला, बंगल्यातलाच भाचा होता. ही गोष्ट आई सांगायची, बाबा कधीच नाही. आई हात नाचवत सांगायची आणि शेवटी विचारायची, "आणि बाबा काय म्हणाले?" की सगळी भावंडं एका सुरात ओरडायची, "कोणी नाही!" मग हसायचं आणि झोपायचं. त्यांच्या घरात अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट होती. मग अध्यक्षांनी विचारल्यावर तिच्या तोंडून दुसरं काय येणार होतं? बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या आणि कुणीतरी त्यांचं नाव विचारत होतं. तिनं त्यांना वाचवलं. हे बाईंना सांगितलं तर त्या एकच शब्द म्हणतील. कशावरून?

'कशावरून?' हा बाईंचा शब्द. पहिल्या वर्षाला त्यांनी तिला बोलावून घेतलं ते शाबासकी द्यायला नव्हे. तिची उत्तरपत्रिका समोर टाकून म्हणाल्या, "हे कुठून उतरवलंस?" कारण उत्तर बरोबर होतं, पण पुस्तकातल्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, कुठून नाही. "कशावरून?" ती रडकुंडीला आली. मग बाईंनी तिला तिथंच, उभ्यानं, तेच गणित आकडे बदलून पुन्हा करायला लावलं, आणि ते झाल्यावर कागद ओळीओळीनं तपासला. "उद्यापासून घरी येत जा," म्हणाल्या. तिला वाटलं, आपल्यावर पाळत ठेवायची असणार. ती गेली ती याच धास्तीनं. बाईंच्या मागच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, वाकवता येणारा दिवा होता, आणि एक अशी शांतता होती की तिला आधी तिचीच भीती वाटली. घरी एका खोलीत सहा माणसं. तिथं पुस्तक उघडायचं म्हणजे कुणालातरी पाय आखडून घ्यायला सांगावं लागायचं. काही दिवसांनी बाईंनी किल्ली हातात ठेवली. "मी असेन नसेन, तू येत जा." ती किल्ली तिनं घरी दाखवली तेव्हा बाबा हात मागे घेऊन उभे राहिले. "मला दाखवू नकोस ती. तुझ्यापाशी ठेव. उद्या तिथं काही इकडचं तिकडं झालं तर माझा हात लागलेला नको तिला." जन्मभर किल्ल्या हाताळलेला माणूस, पण लेकीच्या त्या किल्लीला त्यांनी कधी बोट लावलं नाही. आणि बाईंनी "तुझ्या वडिलांना भेटायचंय गं एकदा," म्हटलं की ती म्हणायची, त्यांना वेळ नसतो. दोघं समोरासमोर आले तर कुणीतरी कुणालातरी पकडून देईल असं तिला उगाचच वाटायचं.

आत्या तर पहिल्या दिवसापासून सांगत होती. "फुकटात कोण कुणाला शिकवतं गं? त्या बाईला ना मूल ना बाळ. म्हातारपणी उशाशी बसायला कुणीतरी लागणारच. बघशील तू, आज पुस्तक देतेय, उद्या पाय चेपायला लावील." ती वरवर आत्याला हसायची आणि आतून वाट बघायची. बाई आज मागतील, उद्या मागतील. बाईंनी कधीच काही मागितलं नाही, साधी बाजारातून कोथिंबिरीची जुडीसुद्धा आणायला सांगितली नाही, आणि तेच तिला जास्त खुपायला लागलं. मागून मोकळं तरी करायचं एकदाचं. मग एकदा बाईंकडे त्यांची एक मैत्रीण आली होती. चहा घेता घेता तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "हीच का ती? तू घडवलेली?" बाई हसल्या. नाही म्हणाल्या नाहीत. तिला तेव्हा तारेवरच्या कोऱ्या किल्ल्या आठवल्या. कुणीतरी आपल्याला शिकंजात धरून आपल्या अंगावर दाते पाडतंय, आणि ते कुठल्या कुलपासाठी हे आपल्याला ठाऊक नाही. त्या दिवशी तिनं बाईंची कपबशी विसळून ठेवली नाही, एरवी ठेवायची. एवढासा सूड. बाईंच्या लक्षातही आला नसेल.

आणि इथं आलं की तिचा विचार अडायचा. कारण 'कोणी नाही' हे घरचं होतं, ते आपसूक आलं, मान्य. पण 'माझं मीच'? ते तर बाबा कधी म्हणाले नव्हते. गोष्टीत ते वाक्य नव्हतंच. ते तिचं स्वतःचं होतं. ते बोलताना तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं होतं, ताठ, हलकं, कुणाचं काही देणं नसल्यासारखं. मग वाचवलं कुणाला? बाईंना की स्वतःला? तिनं बाईंच्याच पद्धतीनं स्वतःला विचारून पाहिलं. बाईंनी कुलूप बदललं; कशावरून? नवीन आहे त्यावरून. ठीक. तुला बाहेर ठेवायला बदललं, कशावरून? पण संशयाला उत्तर कुठं लागतं? तो आपला चालत राहतो. फोन करावा तर हात धजत नव्हता. औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी दिसायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण चौकात आलोय, आणि आता रडू येणार, आणि बाबांसमोर येणार.

बाबा शिकंजात किल्ली धरून घासत होते. समोर एक गिऱ्हाईक हातांकडे बघत उभं. ती पेटीमागच्या स्टुलावर जाऊन बसली. बाबांनी मूळ किल्ली दिली, नवी दिली, हात पालथे-उताणे केले, चुरा फुंकला. गिऱ्हाईक गेलं. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"काय गं कानस, तोंड का उतरलंय?"

"काही नाही."

"बाईंकडे जाऊन आलीस?"

बाबांनी शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, न मिटणारीच, आणि एक किल्ली काढून तिच्यापुढे धरली. पितळी, पिवळीधमक. "ही घे. तुझी."

तिला आधी काही कळेचना. किल्लीकडे बघितलं, बाबांच्या हाताकडे बघितलं, आणि मग ते सगळे स्क्रू तिच्या डोळ्यासमोर आले, खाचा उभ्या, एका रेषेत. गावातला दुसरा कुठला किल्लीवाला स्क्रूच्या खाचा जुळवत बसतो? लहानपणापासून ती बाबांची याच्यावरून थट्टा करत आली होती.

"तुम्ही गेला होतात तिथं?"

"बाई आल्या होत्या. सकाळी तू बाहेर पडलीस त्यानंतर. हातात अर्धी किल्ली. म्हणाल्या, उरलेली अर्धी दारात अडकून बसलीय, तुम्ही किल्लीवाले ना, तिचे वडील?" बाबा हसले. "मी म्हटलं, हो बुवा, दोन्ही मीच. गेलो. जुनं कुलूप पार झिजलं होतं, आज ना उद्या जाणारच होतं. नवीन टाकलं. पाटीपण लोंबत होती, तीही ठोकली. दहा वेळा पाणी हवं का, चहा हवा का. मी म्हटलं, तुम्ही बसा, समोर बसा, बघत राहा. बसल्या. बघत राहिल्या." बाबांनी कानशीवरून अंगठा फिरवला. "मग म्हणाल्या, किती नीट काम करता हो. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, कोणी नाही." बाबा जमिनीकडे बघत होते. "तर बाई हसायलाच लागल्या. एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. नंतर बघतो तर हसत नव्हत्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीनं काल हेच सांगितलं. अगदी अश्शाच आवाजात. मला काल वाटलं, पोरीला माझी लाज वाटते. की मी फार मध्ये मध्ये करते, तिला तिचं तिचं राहायचंय. रात्री जेवणच गेलं नाही म्हणाल्या. मग मला विचारतात, कोणी नाही म्हणजे? आईच्या पोटातून शिकून आलात का? कशावरून?"

"आणि तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. सगळं. तुम्हा पोरांना आई सांगते ते, आणि पुढचंही."

"पुढचं काय?"

बाबांनी रस्त्यापलीकडे बघितलं, जणू कुणी येतंय. "तुझी आई गोष्ट तिथंच थांबवते. पुढची तिलाही माहीत नाही. एकदा पोलिसांना सांगितलं, ओळखत नाही, की मग ओळख दाखवता येईना. चौकशी मिटेपर्यंत, असं म्हणत होतो. चौकशी मिटली, तरी येईना. वस्ताद समोरून आले की मी फुटपाथ बदलायचो. मग तेही बदलायला लागले. त्यांना कुणी काय सांगितलं कोण जाणे. मी त्यांचं नाव घेतलं नाही ते त्यांच्यासाठी, हे त्यांना कळलं होतं की नाही, तेही मला ठाऊक नाही. विचारलंच नाही कधी. ते गेले ना, तेव्हा मी त्यांच्या दारासमोर पलीकडच्या बाजूला उभा होतो, कुणा गिऱ्हाइकाची वाट बघत असल्यासारखा. आत जावं तर लोक विचारतील, तू कोण त्यांचा? काय सांगणार?" बाबा रागावल्यासारखे खाकरले. "आज बाईंनी विचारलं, नाव काय होतं त्यांचं? मी घेतलं नाव. त्या दारातच, हातात पेचकस. इतक्या वर्षांनी नाव घेतलं आणि तोंडात कसंतरीच झालं बघ. पण काही झालं नाही. कुणी आलं नाही धरायला."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा बाबांना असं बोलताना ऐकलं होतं. तिला वाटलं त्यांचा हात धरावा. पण चौक होता, लोक होते, आणि त्यांच्या घरात कुणी कुणाचा हात असा धरत नसे. तिनं तारेवरच्या कोऱ्या किल्ल्या उगाच सरळ केल्या.

"बाईंनी निरोप काही दिला?"

"नाही. बहिणीकडे जाणार होत्या, गडबडीत होत्या. मी म्हटलं, ही तिची किल्ली तुमच्यापाशी ठेवा, तुम्हीच द्या तिला. तर म्हणाल्या, नको, तुमच्याच हातून द्या." बाबांनी किल्ली अजून तशीच पुढे धरली होती. "घे ना. का तुला पण हात लावायचा नाही?"

तिनं ती घेतली. त्यांच्या खिशात राहून ती कोमट झाली होती. ती उठली तेव्हा बाबांनी कुठं चाललीस म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पहिल्यांदा जरा घट्ट जाईल. जोर नको लावू."

परतीचा रस्ता तोच होता. चपलांचं दुकान, सिग्नल, जिन्यातला ओलसर वास. संशय गेला होता का? तसा नाही. तो काही एका दुपारीत जायचा नव्हता. आता तो सगळा तिच्या स्वतःभोवती येऊन बसला होता. बाईंना लागलं होतं. रात्री जेवल्या नव्हत्या. आणि ही इकडे त्यांचे डाव शोधत बसलेली. उद्या फोन येईल, बाई चांगलंच सांगतील, आता तिला ते पक्कं माहीत होतं, अगदी त्यांच्या 'कशावरून'ला पुरून उरेल इतकं पक्कं. पण त्या सांगतील, म्हणून हिनं गप्प राहायचं का? पलीकडच्या फुटपाथवर उभं राहायचं, गिऱ्हाइकाची वाट बघत असल्यासारखं? शेवटच्या पायऱ्या ती धावत चढली. कुणी बघायचं तर बघू दे, असं तिला वाटलं, आणि बघणारं माणूस तयारच होतं. समोरचं दार या वेळी बिनसाखळीचं, सताड उघडं, आणि दारात मघाची शेजारीण खराटा घेऊन उभी.

"परत आलीस? आता ही कुठून आणलीस किल्ली?"

"बाबांनी दिली. हे कुलूप त्यांनीच बसवलंय आज. बाईंनी बोलावलं होतं त्यांना."

"मघाशी तर म्हणालीस, कोणी नाही दिली."

"चुकलं माझं."

"असं कसं चुकतं?" खराटा खाली आला नव्हता. "आणि तू कोण त्यांची? मुलगी तर नाहीस. भाची? पुतणी?"

तू कोण त्यांची? तिनं किल्ली घट्ट धरली. जीभ जुन्या जागी जायला बघत होती, टाळ्याला चिकटून, तयार. तिला पलीकडच्या फुटपाथवर उभा असलेला एक तरुण किल्लीवाला दिसला, डाव्या हाताची दोन बोटं न मिटणारा. "मला त्यांनी शिकवलंय," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून मोठ्यानं. आणि मग, दारावरच्या सरळ झालेल्या पाटीवर होतं तसं, तिनं बाईंचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. इतक्या दिवसांत तिनं ते कधी तोंडानं उच्चारलंच नव्हतं, बाई म्हणजे बाई. नाव जिन्यातून खालच्या मजल्यापर्यंत घुमत गेलं. ती ऐकत उभी राहिली. खालून कुणी वर आलं नाही. कुणाच्या तरी घरात नळ सुरू झाला. तोंडात कसंतरीच झालं, बाबा म्हणाले होते तसंच.

"जे काही मला येतं ते त्यांनीच शिकवलं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

समोरच्या बाईनं खराटा भिंतीला टेकवला. "अगं, मग हे मघाशीच सांगायला काय झालं होतं?"